वाङ्मयीन प्रभाव आणि कापसाची गाठ

आधुनिक मराठी वाङ्मयावरील इंग्रजीच्या प्रभावाचा विचार पदव्युत्तर स्तरावर बहुधा एका ठरीव आराखड्यातून होतो. भाषांतरे, रूपांतरे, कादंबरी-निबंध-सुनीत यांसारख्या वाङ्मयप्रकारांचे आगमन आणि मिल-स्पेन्सर यांच्या विचारांचा परिणाम, असा तो क्रम असतो. हा आराखडा खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. त्यात प्रभाव म्हणजे ग्रंथाने ग्रंथावर केलेला संस्कार, एवढाच अर्थ गृहीत धरला जातो. ज्या समाजात हे ग्रंथ आले, त्या समाजाची इंग्लंड-अमेरिकेशी पहिली गाठ पुस्तकाने घातली की बाजाराने, हा प्रश्न विचारलाच जात नाही. वर्धा जिल्ह्यापुरते पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. ती गाठ कापसाची होती.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि गुलामांच्या श्रमावर पिकणारा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. ती उणीव भरून काढण्यासाठी इंग्रज व्यापाऱ्यांची आणि सरकारची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली. 1862 मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा निर्माण झाला. 1866 मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा हे जिल्ह्याचे ठाणे वसविण्यात आले. 1867 मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला. हिंगणघाटचा लांब धाग्याचा कापूस त्या गावाच्याच नावाने परदेशी बाजारात ओळखला जाऊ लागला. युद्ध 1865 मध्ये संपले, अमेरिकन कापूस पुन्हा येऊ लागला आणि भाव कोसळले. शेतकऱ्याच्या माथी मात्र रोखीचे पीक, सारा आणि सावकाराचे देणे कायम राहिले. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी या व्यवस्थेचे खरे रूप उघडे केले. जिल्ह्याच्या बोलीतही या इतिहासाची खूण आहे. पऱ्हाटी, सरकी, रुई या शब्दांच्या शेजारी जिन आणि प्रेस हे शब्द येऊन बसले, आणि ते कोणत्याही ग्रंथातून आलेले नाहीत.

वाङ्मयाकडे या दृष्टीने पाहिले की परिचित सनावळ्या वेगळ्या दिसू लागतात. ज्या 1867 मध्ये नागपूरला आगगाडी आली, त्याच वर्षी महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ‘ऑथेल्लो’चे मराठी भाषांतर प्रसिद्ध झाले. 1883 मध्ये आगरकरांचे ‘विकारविलसित’ आले आणि त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. प्रभावाभ्यासात ‘विकारविलसित’ची नोंद ठळकपणे होते, ‘असूड’ची गणना प्रबोधनाच्या प्रकरणात होते. वस्तुतः विलायती मालाने बुडविलेले कारागीर, गोऱ्या नोकरशाहीचा खर्च आणि साऱ्याखाली पिचलेला कुणबी यांचे जे चित्र फुले रेखाटतात, तेही इंग्रजी जीवनाचे मराठीवर उमटलेले प्रतिबिंबच आहे. त्यांनी ‘गुलामगिरी’ (1873) अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या लोकांना अर्पण केली होती, हेही येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. एकाच युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला भाव दिला आणि मराठीतील एका मूलगामी ग्रंथाला त्याची अर्पणपत्रिका दिली. हे दोन धागे आजवर क्वचितच एकत्र विणले गेले.

याच सूत्राचे दुसरे टोक इंग्लंडमध्ये आहे. एलिझाबेथ गॅस्केल यांच्या ‘मेरी बार्टन’ (1848) आणि ‘नॉर्थ अँड साउथ’ (1855) या कादंबऱ्यांत कापडगिरणीतील मजुराचे दारिद्र्य आहे. परंतु त्या गिरणीला कापूस पुरविणारा शेतकरी त्यांच्या केंद्रस्थानी नाही. मराठी वाचकाने या कादंबऱ्या केवळ तंत्राच्या आदर्शासाठी न वाचता त्यांतील ही रिकामी जागा ओळखण्यासाठी वाचल्या पाहिजेत. ती जागा भरणारे लेखन मराठीत आहे.

वर्ध्याच्या भूमीवर या व्यवहाराने आणखी एक वळण घेतले. रस्किनचे ‘अन्टू धिस लास्ट’ 1860 मध्ये निबंधरूपाने व 1862 मध्ये ग्रंथरूपाने आले. गांधीजींनी ते 1904 मध्ये दक्षिण आफ्रिकेत वाचले आणि 1908 मध्ये ‘सर्वोदय’ या नावाने त्याचा गुजराती सारानुवाद केला. 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याची मगनवाडी त्याचे केंद्र बनली. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन यांच्यापाशी राजस्वाचा अभ्यास करून आलेले होते. म्हणजे इंग्रजी अर्थविचाराची इंग्लंडमध्येच झालेली चिकित्सा आणि अमेरिकेत मिळविलेले शास्त्रीय शिक्षण, ही दोन्ही त्या अर्थव्यवस्थेविरुद्ध उभी राहिली, आणि तीही कापसाच्याच जिल्ह्यात. हा प्रभाव अनुकरणाचा नव्हे, प्रतिवादाचा आहे. आपल्या प्रभावाभ्यासात त्यासाठी अद्याप घर नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. वाङ्मय हे अर्थकारणाचे परिशिष्ट नव्हे; कापसाच्या भावावरून कलाकृतीचा मगदूर ठरत नाही. आक्षेप रास्त आहे. हिंगणघाटला जन्मलेल्या उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (1960) मधील कौतिकचे मोठेपण कोणत्याही बाजारपत्रकातून सिद्ध होणार नाही. परंतु तिची झुंज ज्या दारिद्र्याशी आहे, ते निसर्गदत्त नसून त्याला इतिहास आहे, हे जाणल्याने कलाकृती लहान होत नाही. तिचे वाचन अधिक सखोल होते. ‘प्रादेशिक’ हे विशेषण लावून ज्या कादंबऱ्या कोपऱ्यात ठेवल्या गेल्या, त्यांच्या प्रदेशाचे भाव लिव्हरपूलला ठरत होते, एवढे तरी त्या विशेषणाच्या वापरापूर्वी लक्षात यावे.

प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. त्याच काळात अमेरिकेच्या कापूस-अनुदानाविरुद्ध ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत दावा जिंकला होता. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (2002) ही कादंबरी या काळाची साक्ष आहे. ती वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी अनेकदा कापूसच पिकतो. मात्र त्याच्या प्रश्नपत्रिकेत इंग्लंड-अमेरिका येतात त्या वर्डस्वर्थ आणि व्हिटमन यांच्यापुरत्या.

म्हणून विभागांनी निदान दोन गोष्टी कराव्यात. तौलनिक साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत ‘असूड’ आणि ‘मेरी बार्टन’ शेजारीशेजारी नेमावेत. आणि लघुप्रबंधांसाठी जिल्ह्यातील जुने जिन-प्रेस, बाजारपेठांची दप्तरे, कापूसवेचणीची गाणी आणि 1906 चे वर्धा जिल्ह्याचे गॅझेटिअर ही साधने म्हणून स्वीकारावीत. ग्रंथालयातील प्रभाव शोधून झाले आहेत. कापसाच्या गाठीतून आलेले प्रभाव शोधण्याचे काम मात्र, ज्यांच्या घरात तो इतिहास राहतो, त्या विद्यार्थ्यांवाचून दुसरे कोणी करू शकणार नाही.