गाण्याला रंग नसतो म्हणे!

अमेरिकी पॉप संगीताविषयी बोलताना कुणी कलावंताच्या काळ्या वर्णाचा किंवा समलैंगिकतेचा उल्लेख केला, की आक्षेप ठरलेला: सूर तो सूर, त्यात माणसाची ओळख कशाला घुसडता? असे म्हणणारे बहुधा संगीतावर मनापासून प्रेम करणारे असतात, म्हणून आक्षेप झटकून टाकता येत नाही. पण त्यांनी एक गोष्ट धरून चाललेली असते: गाणे मुळात निर्लेप होते, ओळखीचे लेबल समीक्षकांनी मागाहून डकवले. घडले नेमके उलटे.

१९२०च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून वेगळ्या काढल्या त्या रेकॉर्ड कंपन्यांनीच. ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाने आपल्या यादीचे हे नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केले ते १९४९ साली. नाव गेले, कप्पा राहिला. १९५५मध्ये कृष्णवर्णीय गायक लिटल रिचर्डचे ‘टुटी फ्रुटी’ ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा त्यातले चावट शब्द स्टुडिओतच बदलून घेतले होते. मग पॅट बून या गोऱ्या, सोज्वळ गायकाने तेच गाणे म्हटले आणि पॉप यादीत रिचर्डच्याही वर गेला. गाण्याला रंग नसतो, हे तेव्हा कुणी रिचर्डला ऐकवायला हवे होते!

आता १२ जुलै १९७९. शिकागोचे कॉमिस्की पार्क. रेडिओ निवेदक स्टीव्ह डालच्या पुढाकाराने डिस्कोची तबकडी आणणाऱ्याला ९८ सेंटमध्ये प्रवेश होता. दोन बेसबॉल सामन्यांच्या मध्ये त्या तबकड्या स्फोटाने उडवल्या गेल्या, हजारो प्रेक्षक मैदानात घुसले, दुसरा सामना झालाच नाही. यात वर्णद्वेष नव्हता, समलैंगिकांचा द्वेषही नव्हता, असे डाल सांगत आला आहे. त्याच्या हेतूपुरते मान्य करू. रेडिओ केंद्र डिस्कोकडे वळले तेव्हा त्याची नोकरी गेली होती आणि डिस्कोच्या नावावर बाजाराने भुक्कड मालही खूप खपवला. पण त्या दिवशी तिथे कामाला असलेला कृष्णवर्णीय तरुण व्हिन्स लॉरेन्स वेगळेच सांगतो: लोकांनी आणलेल्या ढिगात टायरोन डेव्हिस, ओटिस क्ले अशा सोल गायकांच्या तबकड्याही होत्या. राग केवळ डिस्कोवर असता, तर या बिचाऱ्यांनी काय घोडे मारले होते?

त्याच शहरात ‘वेअरहाऊस’ नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स १९७७पासून तबकड्या वाजवत होता. येणारे बहुतेक काळे आणि लॅटिनो समलैंगिक तरुण. कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवल्यावर त्याने जुनी गाणी टेप कापून-जोडून लांबवली, पुढे ड्रम मशीनची जोड दिली. क्लबच्या नावातूनच या संगीताला ‘हाऊस’ हे नाव पडले. लॉरेन्सही त्याच वाटेने गेला आणि १९८४मध्ये जेसी सॉन्डर्ससोबत ‘ऑन अँड ऑन’ घेऊन आला. बाहेर ज्यांना मोकळे वागता येत नव्हते, त्यांना ही रात्र संपू नये असेच वाटणार. हाऊसचा न तुटणारा ठेका मला त्या गरजेपासून वेगळा काढता येत नाही.

आमच्या बाजूच्यांचेही चुकते. ते गाण्यात जाहीरनामा शोधतात आणि ठेका विसरतात. डिस्को गायक सिल्व्हेस्टर ऐकताना दोन्ही पक्षांची पंचाईत होते. तो लहानपणी पेंटेकोस्टल चर्चमध्ये गायचा. समलैंगिक असल्यामुळे पुढे तिथे त्याला थारा उरला नाही. त्याचे १९७८चे गाजलेले ‘यू मेक मी फील (मायटी रिअल)’ हे गाणे नाचण्याचे, देहसुखाचे. गळ्याची फेक मात्र थेट चर्चमधली. उंच फॉल्सेटोत तो जे भक्तीने आळवतो, ते त्या चर्चने पाप ठरवले होते. हे ठाऊक नसले तरी पाय थिरकतील, वाद नाही. पण नाचायच्या गाण्यात ही आराधना आली कुठून, हे ‘सूर तो सूर’वाल्यांनी सांगावे.

१९८८मध्ये सिल्व्हेस्टर एड्सने गेला. गाण्यांच्या रॉयल्टीचे उत्पन्न त्याने एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या संस्थांच्या नावे लिहून ठेवले होते.