पहिल्या सत्राचे ओझे

कला शाखेच्या मुलीने वैद्यकीय प्रवेशाविषयी लिहावे, आणि तेही अमेरिकेतल्या, याचे वाचकांना नवल वाटेल. त्याला कारण माझे पहिल्या सत्राचे गुणपत्रक. त्यावर ४.८ हा आकडा आहे. दुसऱ्या सत्रात ६.१ झाले, तिसऱ्यात ७.४. तरीही तिन्हींची सरासरी ६.१च भरते. म्हणजे दीड वर्ष धावून मी कागदावर दुसऱ्या सत्राच्याच जागी उभी! हा आकडा वर कसा न्यावा हे शोधायला ग्रंथालयातील संगणकापुढे बसले, तर निघालेली माहिती जवळजवळ सगळी अमेरिकेत डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी लिहिलेली. आधी हसू आले. मग वाचतच गेले.

तेथे आधी चार वर्षांची पदवी आणि मग वैद्यकीय शिक्षण. पदवी इतिहासाची असली तरी चालते. जीवशास्त्र, रसायन, भौतिक हे विषय मात्र सोबत केलेले हवेत. (बारावी शास्त्र शाखेतून झालेल्या आणि आता इतिहास घेतलेल्या मला हे वाचून क्षणभर कसेसेच झाले.) पदवीच्या गुणांची सरासरी ४ पैकी मोजतात, तिला जीपीए म्हणतात. प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी ३.७ च्या वर असते.

आता ज्याचे पहिले वर्ष वाया गेले त्याचे गणित पाहा. साधारण १२० श्रेयांकांची पदवी २.८ वर संपली. त्यानंतर त्याने आणखी एक वर्ष पदरचे पैसे घालून ३० श्रेयांकांचे विषय केले आणि प्रत्येकात पूर्ण ४ मिळवले. सरासरी किती झाली? ३.०४. एक अख्खे निर्दोष वर्ष, आणि आकडा पाव अंशानेही हलला नाही.

नापास झालेला विषय पुन्हा दिला तर? बहुतेक महाविद्यालयांचे अर्ज ज्या मध्यवर्ती सेवेमार्फत जातात, ती दोन्ही वेळचे गुण धरते. ऑस्टिओपॅथीच्या महाविद्यालयांत पूर्वी नव्या गुणांनी जुने पुसले जात. ती सवलत २०१७ मध्ये बंद झाली. टेक्सास राज्यात दहा वर्षांहून जुने गुण बाजूला ठेवण्याची सोय आहे, पण मग त्यातले चांगले गुणही जातात.

हे सारे वाचून कोणीही म्हणेल, की केवढी ही निष्ठुरता! मलाही तसेच वाटले होते. पण त्याच अर्जात आणखी एक गोष्ट असते. तेथे एकूण सरासरीच्या जोडीला पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षाची आणि पदवीनंतर केलेल्या अभ्यासाची सरासरी वेगवेगळी मांडलेली असते. वाचणाऱ्याला पडझड दिसते, तसा चढही दिसतो. मला हे पुसण्यापेक्षा मोलाचे वाटते.

आपल्याकडची ‘नीट’ याच्या अगदी उलट. तिला स्मरणशक्तीच नाही. १८० प्रश्न, ७२० गुण; यंदाचे गुण धरायचे, मागचे कोणी विचारीत नाही. कितीही वेळा बसा, २०२२ पासून कमाल वयाची अटही नाही. वरवर पाहता हे फार दयाळूपणाचे. पण पुन्हा बसायला वर्ष लागते, आणि वर्षाला पैसे लागतात. माझी एक मैत्रीण लातूरला राहून दुसऱ्यांदा बसली. माझे बाबा बाजार समितीत हमाली करतात. आमच्या घरी ‘पुन्हा एकदा’ हा शब्द निघालाच नाही आणि मी येथे आले.

आणि येथे ४.८ का मिळाले, तेही सांगते. अभ्यास केला नव्हता असे नाही. १०० पैकी ४० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, हेच मला ठाऊक नव्हते. शाळेसारखी शेवटी एकच परीक्षा होईल, तेव्हा दाखवू, या समजुतीत होते. निबंध द्यायचा राहिला, चाचणीच्या दिवशी गावी होते. सूचना फलकावर लागली असणारच. पण फलक वाचायचा असतो हे तरी कोणी शिकवले? निकालाच्या दिवशी बाबांनी विचारले, “पास ना?” मी म्हटले, “पास.” त्यांनी पेढे आणले. ते पेढे खाताना मला जी लाज वाटली ती कोणत्याच गुणपत्रकावर आलेली नाही.

ज्यांच्या घरी आधी कोणी पदवीधर आहे, त्यांना हे नियम जेवताना कानावर पडतात. आम्हांला त्यासाठी एक सत्र मोजावे लागते, आणि सरासरी ते शेवटपर्यंत वसूल करते. कोणी म्हणेल, डॉक्टरला पहिल्यापासूनच सारे यायला नको का? रुग्णाच्या दृष्टीने प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे एवढेच, की रुग्णासमोर बसणारा माणूस पदवीच्या अखेरचा असतो, पहिल्या सहामाहीतला नव्हे. तेव्हा अखेरचे गुण आधी वाचावेत. हे वैद्यकीयला लागू असेल, तर एम. ए. आणि बी. एड. ला का नसावे?

माझे ४.८ कोणी खोडावे अशी माझी मागणी नाही. ते राहू द्या, पण एकटे राहू देऊ नका. प्राध्यापकांना विनंती आहे, की कोणाला शिफारसपत्र देताना सत्रवार गुण लिहावेत, नुसती सरासरी नको. आणि जूनमध्ये पहिल्या वर्षाची मुले येतील, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या ४० गुणांचा हिशेब कोणीतरी फळ्यावर मांडून दाखवावा. सरांनी एक तास दिला, तर खडू घेऊन मी उभी राहीन.