वेबसाइट राहते कुठे?

दिवा–रोहा रेल्वेमार्गावर जिते स्टेशन आहे. त्याच्या पुढचंच हमरापूर म्हणजे गणपतीच्या कारखान्यांचं गाव. समजा, तिथल्या एका कारखानदाराला मूर्तींचे फोटो वेबसाइटवर टाकायचेत. पण ते राहणार कुठे? चोवीस तास चालू असलेल्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर. तिथली जागा भाड्याने मिळते, तेच होस्टिंग! हजारो सर्व्हर मावतील असं एक डेटा सेंटर आपल्याच रायगडात, पनवेलला, २०२० साली सुरू झालं.

शेअर्ड होस्टिंग म्हणजे चाळ. भाडं कमी, पण नळ एकच, शेजाऱ्याने पाणी ओढलं की आपली धार बारीक. व्हीपीएस म्हणजे फ्लॅट. इमारत एकच, पण आपला हिस्सा ठरलेला. डेडिकेटेड म्हणजे बंगला. महागडा!

क्लाउडची गंमत वेगळी. गणपतीआधी गिऱ्हाइकांची झुंबड उडाली की जास्त सर्व्हर घ्यायचे, विसर्जनानंतर सोडून द्यायचे. सीझनला कारखानदार जादा कारागीर लावतो ना, तसंच. मात्र गर्दीबरोबर बिलही फुगतं बरं का!

नुसते फोटोच दाखवायचे तर चाळ पुरे. श्रावणात साइट रखडायला लागली, की मग फ्लॅट बघावा. फोटोंची एक प्रत मात्र घरी हवीच. भाडं थकलं तर जागा जाते, आणि तिच्याबरोबर फोटोही.