पहिल्या सेमिस्टरच्या आधीचं गणित

मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ, मुंबई



लातूर म्हटलं की लोकांना पॅटर्न आठवतो, म्हणजे शाहू आणि दयानंद महाविद्यालयं, नीट-जेईईची तयारी. त्याच लातुरात पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, नांदेडलाही शासकीय तंत्रनिकेतन आहे. किनवट, मुखेड, निलंगा, औसा भागातून दहावीनंतर थेट तिथे येणाऱ्या पोरांसाठी मात्र कुठलाच पॅटर्न नाही.

पहिल्या सेमिस्टरला ‘बेसिक मॅथेमॅटिक्स’ असतं. त्यातले लॉगॅरिदम, पार्शल फ्रॅक्शन, डेरिव्हेटिव्ह दहावीच्या पुस्तकात नाहीत. तरी मुलं अडतात ती या नव्या भागांमुळे नव्हे. पार्शल फ्रॅक्शन म्हणजे लसावि काढून केलेली बेरीज उलटी सोडवणं. दोन तृतीयांश आणि एक चतुर्थांश मिळवताना जो अंशात अंश नि छेदात छेद मिळवतो, त्याला ही उलटी वाट कशी दिसावी? कंसाबाहेरचं वजा आतल्या पहिल्याच पदाला लागतं, दुसरं तसंच राहतं. ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ एवढंच पाठ असल्यानं गुणिले तीन पलीकडे जाऊन वजा तीन होतं. पुढे साइन ए अधिक बी आलं की पोरगा साइनसुद्धा कंसात वाटून मोकळा! सर म्हणतात, पाया कच्चा. खरंय, पण तो भरायला वेळापत्रकात तास कुठे आहे? आणि आयटीआय करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांच्या वाट्याला तर पहिलं वर्षच येत नाही.

2021-22 पासून मंडळानं मराठी-इंग्रजी द्विभाषिक शिक्षणाची सोय केली, हे चांगलंच झालं. पण भाषा समजली तरी लसावि आपोआप येत नाही.

दहावीचा निकाल आणि पहिला तास यांच्यामधले आठवडे मुलं प्रवेशाच्या कॅप राउंडच्या याद्या बघण्यात घालवतात. त्या काळात तीन आठवड्यांचा वर्ग घ्या, मराठीत, आणि तालुक्याच्या जिल्हा परिषद शाळेत. हॉस्टेल मिळण्याआधी किनवटचा मुलगा रोज नांदेडला येणार कसा? सूत्रांची वही वाटू नका, पर्यायी प्रश्नांचा सराव तर नकोच. अपूर्णांक, चिन्हं, घातांक, गुणोत्तर एवढंच घ्या. गणित पायऱ्यांनी लिहून घ्या आणि चूक कोणत्या पायरीला झाली ते मुलालाच शोधू द्या.

प्रवेश नक्की होण्याआधी खर्च कोणी करायचा, असा शेरा फायलीवर येईल. त्याला उत्तर एवढंच: स्वायत्त तंत्रनिकेतनं सोडली तर मुलगा शेवटी कुठेही जावो, परीक्षा मंडळाचीच देणार आहे.

आपला,
नांदेडचा एक गणित शिक्षक