पैजेचे येणे आणि राज्यसंस्थेची नीती

दलालाकडून ‘आयडी’ घ्यायचा, मोबाइलवरून पैसे भरायचे आणि क्रिकेटच्या सामन्यावर पैज लावायची, हा धंदा आता शहरांपुरता राहिलेला नाही; बीडसारख्या ऊसतोड कामगारांच्या जिल्ह्यातही तो पोहोचला आहे. हरलेला पैसा तत्क्षणी जातो. जिंकलेला मागितला, की बोनसच्या अटी पुढे येतात, ओळखपत्रांची तपासणी निघते, ‘आधी कर भरा’ असे सांगितले जाते आणि अखेरीस खातेच बंद होते. अशी तक्रार घेऊन कोणी कार्यकर्त्याकडे आले, तर ‘खोड मोडली’ एवढे म्हणून भागणार नाही.

वरळीचा मटका 1962 साली कल्याणजी भगत यांनी सुरू केला. दहांपैकी एक आकडा लागला तर नऊपट मिळत. म्हणजे खेळणारे एकंदरीने दहावा हिस्सा गमावणारच होते. तरीही लागलेल्या आकड्याचे पैसे सहसा मिळत, कारण बुकीची पत हेच त्याचे भांडवल होते. आजच्या अनेक कंपन्या दूरच्या कुरासाव बेटाचा परवाना दाखवतात. लुबाडणूक तीच राहिली, पत तेवढी गेली.

न्यायालयाचा मार्गही बंद आहे. 1872च्या करार कायद्याचे कलम 30 पैजेचा करार शून्य ठरवते आणि जिंकलेल्या रकमेसाठी दावा चालू देत नाही. हे तत्त्व योग्यच आहे. आज जिंकणाऱ्याचा दावा मान्य केला, तर उद्या हरलेल्या मजुराच्या घरावर बुकीची जप्ती येईल.

परंतु राज्यसंस्था स्वतः या तत्त्वाला जागली काय? एप्रिल 2023 पासून ऑनलाइन खेळातील निव्वळ जिंकलेल्या रकमेतून 30 टक्के आयकर कापला जाऊ लागला. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के वस्तू व सेवा कर बसला. कराच्या वेळी व्यवहार खरा, तक्रारीच्या वेळी मात्र शून्य! ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड त्यात आहे. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. म्हणून तक्रार करण्यास भिण्याचे कारण नाही.

2023 साली नागपुरात एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात 58 कोटींची फसवणूक झाल्याची फिर्याद दिली, तेव्हा पोलिसांनी गुन्हा नोंदवून गोंदियात छापे घातले. पैजेचा करार शून्य असला तरी फसवणूक हा गुन्हाच आहे, हे त्यातून दिसले. पाच हजार गमावलेल्या मजुरालाही हाच न्याय लागू झाला पाहिजे.

आपली मागणी पैजेत जिंकलेल्या रकमेची नसावी. पैजेस न लावलेली आणि बनावट सट्ट्यात हडपलेली मुद्दल जप्तीतून प्रथम परत मिळावी, एवढी ती असावी. तोवर कार्यकर्त्यांनी तक्रारदाराला न हिणवता 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवून द्यावी, पैसे भरल्याच्या नोंदी जपावयास सांगावे आणि ‘कर भरल्यावर रक्कम सुटेल’ या थापेला त्याला बळी पडू देऊ नये.

मुकादमाकडून घेतलेली उचल कोयत्याच्या घावाघावाने फेडून घेतली जाते. तिच्यासाठी कोणी न्यायालयात जात नाही. गरिबाचे देणे असे कायद्यावाचून वसूल होते आणि त्याचे येणे कायदा असूनही बुडते. ही विषमता आपण नशिबाच्या खात्यावर मांडू देता कामा नये.