उजवीकडचा खालचा कोपरा

यूट्यूबवर 'रिलॅक्सिंग क्लासिकल' शोधलं की कुठे ना कुठे बीथोवनची सहावी सिम्फनी लागते. सोबत फोटोही ठरलेला असतो: कास्पार डेव्हिड फ्रीडरिशचा तो धुक्याच्या समुद्रासमोर पाठमोरा उभा असलेला माणूस. अभ्यास करताना ऐका, झोपण्यापूर्वी ऐका. माझं भांडण या शांततेशी आहे. युरोपातल्या रोमँटिक कलावंतांनी आपल्या डोक्याला मसाज मिळावा म्हणून निसर्ग रंगवला, हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय फार सोयीचाही आहे.

बीथोवनपासूनच सुरुवात करू. १८०२ साली हायलिगेनश्टाट गावातून त्याने भावांच्या नावे एक पत्र लिहिलं आणि ते कधी पाठवलंच नाही. शेजारच्या माणसाला दूरची बासरी ऐकू येते, मेंढपाळाचं गाणं ऐकू येतं आणि मला काहीच नाही, ही त्यातली तक्रार. सहा वर्षांनी, डिसेंबर १८०८ मध्ये, व्हिएन्नात सहावी सिम्फनी, म्हणजे 'पास्टोरल', पहिल्यांदा वाजली. तिच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी तीन पक्षी येतात: बासरीवर नाइटिंगेल, ओबोवर लावा, क्लॅरिनेटवर कुकू. ज्याच्या कानांतून जग निसटत चाललं होतं, त्याने हे पक्षी लिहून ठेवलेत. त्यात आनंद नाही असं मी म्हणत नाही; पहिल्या भागाचं नावच खेड्यात पोहोचल्यावरच्या आनंदावर आहे. पण चौथ्या भागात वादळ येतं. तोवर गप्प बसलेले टिंपनी, पिकोलो आणि ट्रॉम्बोन तिथे पहिल्यांदा तोंड उघडतात. झोपेच्या प्लेलिस्टमध्ये मला हा भाग अजून सापडलेला नाही!

फ्रीडरिशचंही तेच. धुक्यातला माणूस सगळ्यांच्या वॉलपेपरवर, पण त्याचा 'बर्फाचा समुद्र' (१८२३-२४) कोण लावतं? बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढल्यात आणि बाजूला चिरडलेलं जहाज जेमतेम दिसतंय. फ्रीडरिशच्या लहानपणी त्याचा भाऊ बर्फ फुटून बुडाला होता. हे चित्र तो मरेपर्यंत विकलं गेलं नाही.

पण माझा खरा राग टर्नरच्या चाहत्यांवर आहे. त्याचं १८४० सालचं एक चित्र 'द स्लेव्ह शिप' या नावाने ओळखलं जातं. सूर्यास्त असा की आकाशच पेटलंय. लोक म्हणतात, काय रंग आहेत! आहेतच. पण टर्नरने दिलेलं पूर्ण नाव लांबलचक आहे आणि त्यात सरळ लिहिलंय, की गुलामांचे व्यापारी मेलेल्या आणि मरू घातलेल्या माणसांना समुद्रात फेकताहेत, तुफान येतंय. अशी सर्वांत कुप्रसिद्ध घटना १७८१ मधली, 'झाँग' जहाजावरची. १३०हून जास्त आफ्रिकी माणसं पाण्यात फेकली गेली आणि नंतर मालकांनी विम्याची भरपाई मागितली. हिशोब साधा होता: गुलाम आजाराने मेला तर नुकसान मालकाचं, आणि जहाज वाचवायला 'माल' टाकावा लागला असं दाखवलं तर पैसे विमेवाल्यांचे.

हे चित्र पुढे जॉन रस्किनकडे आलं. निसर्गचित्रांबद्दल त्याच्याइतकं बारकाईने त्या काळात क्वचितच कुणी लिहिलं असेल. या चित्रातल्या लाटांवर, उजेडावर, समुद्राच्या फुगण्यावर त्याने लिहिलेला उतारा प्रसिद्ध आहे. जहाजावरून माणसं फेकली जाताहेत, ही गोष्ट त्याने कुठे सांगितली? तळटीपेत. इतकी तयार नजर असलेल्या माणसालाही सूर्यास्ताने एवढं गुंतवलं. मग आपलं काय, आपण तर अंगठ्याने दोन सेकंदांत पुढे सरकतो.

कुणी म्हणेल, दिवसभर लोकलमध्ये चेंगरून घरी आल्यावर दोन घटका सुंदर काही बघायचं, तर तिथेही इतिहासाचा तास? विश्रांती हवीच. त्यासाठी पावसाच्या आवाजाचे दहा-दहा तासांचे व्हिडिओ पडलेत, खुशाल लावा. टर्नरने मात्र तो समुद्र सुंदर केला तोच तुम्ही त्याच्याजवळ यावं म्हणून, आणि जवळ आल्यावर काय दिसेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मूळ चित्र बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. फोनवर उघडा आणि उजवीकडचा खालचा कोपरा दोन बोटांनी मोठा करा. पाण्याबाहेर एक पाय आहे. घोट्याला बेडी आहे, आणि भोवती मासे जमलेत.