किल्ली कुणाच्या खिशात?

दिवाळीला मुले घरी येतात. पहिल्या दिवशी चिवड्याची स्तुती होते, दुसऱ्या दिवशी चकलीला काटे नीट आले की नाही याची चर्चा होते, आणि पाडव्याच्या सकाळी, नातवंडे अंगणात न उडालेले फटाके शोधत असताना, फराळाच्या ताटावर एक ठराव मांडला जातो. ठराव मांडणार पुण्याचा मुलगा, अनुमोदन देणार लातूरची लेक, आणि विरोधात एकटा घरधनी. "नाना, आता गाडी विकून टाका. वय झालं तुमचं." नांदेडच्या आमच्या घरात हा ठराव तीन वर्षे ओळीने आला आणि तीनही वर्षे मी तो आवाजी मतदानाने फेटाळला. आवाज अर्थातच माझा एकट्याचा होता. छत्तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला आवाजाची वाण पडत नाही.

यंदा मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे आणि हा ठराव पुन्हा येणार हे मला ठाऊक आहे. तो येण्याआधीच माझे म्हणणे मी वाचकांपुढे मांडतो. कारण हा ठराव एकट्या माझ्या घरातला नाही. नांदेडच्या वजिराबादेत, लातूरच्या औसा रोडवर, उदगीर-अहमदपूरच्या गल्ल्यांत अशी शेकडो घरे आहेत, जिथे मुले पुण्याला नाहीतर हैदराबादेला आहेत, घरात दोन म्हातारी माणसे आहेत, आणि दारात एक जुनी स्कूटर किंवा एक जुनी मारुती उभी आहे. त्या गाडीची किल्ली कुणाच्या खिशात असावी, एवढाच प्रश्न आहे. माझे मत असे की या प्रश्नात मुलांचेही चुकते, आम्हा म्हाताऱ्यांचेही चुकते, आणि सर्वांत जास्त चुकते ते सरकारचे.

आधी मुलांशी भांडतो. "वय झालं" हे कारण होऊ शकत नाही. मोटारवाहन कायदा १९८८ सालचा. त्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हाही गाडी चालवण्याला वरची वयोमर्यादा घालावी असे कायदा करणाऱ्यांना वाटले नाही. पंचावन्नाव्या वर्षानंतर परवाना पाच-पाच वर्षांनी नवा करून घ्यावा, एवढेच ते म्हणाले. आणि वयाकडे बोट दाखवायचेच असेल तर ते दोन्ही टोकांकडे दाखवावे लागेल. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. ती मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता असे पोलीस म्हणतात. त्यानंतर बरोबर पंधरा दिवसांनी, ३ जूनला, कोल्हापूरच्या सायबर चौकात एका बहात्तर वर्षांच्या गृहस्थांच्या मोटारीचा ताबा सुटून ती दुचाकीवाल्यांवर गेली. रस्त्यावरची माणसे गेली आणि ते स्वतःही गेले. पहिल्या घटनेनंतर कुणी म्हणाले नाही की सगळ्या तरुणांच्या किल्ल्या काढून घ्या. दुसरीनंतर मात्र माझ्या मुलाचा फोन त्याच रात्री आला.

इतके बोलून थांबलो असतो तर हा लेख माझ्या समवयस्कांनी कातरून भिंतीला लावला असता. पण मला पुढेही जायचे आहे, आणि पुढचा भाग माझ्याच विरुद्ध आहे.

दोन वर्षांमागची गोष्ट. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाचे दर्शन घेऊन आम्ही उभयता नांदेडला परतत होतो. दिवस मावळला होता. समोरून येणाऱ्या वाहनांचे ते नवे पांढरे दिवे डोळ्यांत भाल्यासारखे घुसत होते. असाच एक झोत अंगावरून गेला, क्षणभर सगळे काळे झाले, आणि ते काळे विरले तेव्हा माझ्या मोटारीच्या नाकापुढे पाच-सहा हातांवर उसाची ट्रॉली होती. मी पाय ब्रेकवर रोवला. प्रसादाचा नारळ घरंगळत सौभाग्यवतीच्या पायांवर आला. मागून कुणी येत नव्हते म्हणून हा लेख लिहायला मी आहे. मागच्या शेतातून एक जण धावत आला आणि म्हणाला, "सर, कुठं बघून चालवायलाव?"

घरी आल्यावर मी ट्रॉलीवाल्याला यथेच्छ शिव्या घातल्या. तिच्या मागे दिवा नव्हता, लाल पत्रा नव्हता, साधे चिंधूकही नव्हते. हे सारे खरे होते. पण रात्री झोप येईना. कारण आणखी एक गोष्ट खरी होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. माझ्या पुढे एक मोटारसायकल होती, आणि ती त्याच ट्रॉलीला वळसा घालून सहज पुढे गेली होती. म्हणजे ट्रॉली दिसत होती. मला दिसली नाही.

डोळ्यांचे डॉक्टर सांगतात की विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा साठीतल्या डोळ्यात पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळे पडते. झोत अंगावर आला की तरुण डोळा चटकन सावरतो, म्हातारा डोळा चाचपडत राहतो. यात अनुभव कामाला येत नाही. चाळीस वर्षे गाडी चालवली म्हणून अंधार कमी होत नाही. परदेशात या गोष्टींचे बारीक हिशेब ठेवतात. तिथे असे दिसले की धावलेल्या अंतरामागे अपघात कोवळ्या वयात सर्वांत जास्त, मधल्या वयात कमी, आणि सत्तरी ओलांडली की आकडा पुन्हा वर चढू लागतो. म्हणून "मला अजून सगळं दिसतं" हे म्हाताऱ्याचे वाक्य पुरावा म्हणून घेता येत नाही. जे दिसत नाही ते दिसत नाही हेही त्याला दिसत नसते.

आता सरकारकडे वळतो. त्या संध्याकाळच्या दोनच महिने आधी मी परवाना नवा करून घेतला होता. चाळिशी उलटलेल्याला त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. त्या छापील कागदावर प्रश्न मोठे चांगले आहेत. पंचवीस मीटरवरून मोटारीच्या पाटीवरचा नंबर वाचता येतो का? तांबडा आणि हिरवा रंग ओळखता येतो का? रातांधळेपणा आहे का? ऐकू नीट येते का? ज्या दवाखान्यातून मी दाखला आणला तिथे यांतला एकही प्रश्न मला कुणी विचारला नाही. डॉक्टरांनी मान वर न करता सही केली, शिक्का उमटला, मी पैसे दिले आणि दोघांनीही एकमेकांना नमस्कार केला. रांगेत माझ्यापुढे जे गृहस्थ होते त्यांना खुर्ची कुठे आहे ते हाताने चाचपावे लागत होते. त्यांनाही दाखला मिळाला.

मी त्या डॉक्टरांना दोष देत बसत नाही. मला दाखला हवा होता, तपासणी नको होती. त्यांनी मला हवे तेच दिले. या खोट्यात मी बरोबरीचा भागीदार आहे. पण ज्या कायद्याची अंमलबजावणी अशी होते, तो कायदा असून नसल्यासारखाच. त्यातच भर अशी की मुदतीत नूतनीकरण केले तर गाडी चालवून दाखवावी लागत नाही. म्हणजे जो माणूस विशीत एकदा आठचा आकडा काढून पास झाला, तो नव्वदीपर्यंत पुन्हा कुणाच्या देखत चाक हातात धरीत नाही. शाळेत मी दरवर्षी मुलांच्या परीक्षा घेतल्या. दुसऱ्यांच्या जिवाशी ज्याची गाठ आहे त्याची परीक्षा जन्मात एकदाच!

इतर देशांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. जपानात पंचाहत्तरीनंतर परवाना नवा करताना स्मरणशक्तीची आणि समजेची चाचणी द्यावी लागते. एप्रिल २०१९ मध्ये तोक्योत एका सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या मोटारीखाली एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली; त्यानंतर २०२२ पासून, ज्या वृद्धांच्या नावावर काही ठराविक गुन्हे आहेत त्यांना प्रत्यक्ष गाडीही चालवून दाखवावी लागते. तिथे जो आपणहून परवाना परत करतो त्याला एक ओळखपत्र मिळते, आणि ते दाखवून अनेक ठिकाणी बस-टॅक्सीत सवलत मिळते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये पंचाहत्तरीनंतर दरवर्षी वैद्यकीय तपासणी असते, आणि पंच्याऐंशीनंतर एकतर चाचणी द्यायची किंवा घराच्या आसपासच चालवण्याचा मर्यादित परवाना घ्यायचा. इंग्लंडच्या राणीचे यजमान प्रिन्स फिलिप यांची मोटार जानेवारी २०१९ मध्ये दुसऱ्या गाडीवर आदळून उलटली. ते सत्त्याण्णव वर्षांचे होते. समोरच्या गाडीतल्या एका बाईंचे मनगट मोडले, तान्हे मूल सुदैवाने वाचले. उन्हाने डोळे दिपले, असे त्यांनी त्या बाईंना पत्राने कळवले आणि पुढच्याच महिन्यात परवाना परत केला. डोळे दिपले हे कबूल करायला राजवाड्यातल्या माणसालाही मोटार उलटावी लागली. आमची उलटण्याची वाट आम्ही का पाहावी?

आणि तरीही, मुलांनो, किल्ली हिसकावू नका. कारण ती हिसकावताना बदल्यात तुम्ही काय देता? आमच्या सौभाग्यवतीचे दोन्ही गुडघे गेले आहेत. तिची थोरली बहीण लातूरला आहे. रेल्वेने जायचे तर परभणी, परळी, लातूर रोड असा सगळा वळसा. एसटीने लोहा, अहमदपूर, चाकूर करीत जाता येते, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना महामंडळाने तिकीट माफ केले आहे. चांगले केले. पण तिकीट माफ झाले, पायरी तेवढीच उंच राहिली. ती पायरी चढायला दोन माणसे लागतात, आणि आमच्या घरात दोनच माणसे आहेत. त्यांतले एक पायरीखाली उभे. गावातल्या गावात दवाखान्याला जायचे तर ऑटोत सहा जणांच्या मांड्यांवर बसावे लागते. ज्या म्हाताऱ्याची गाडी जाते त्याचा दवाखाना जातो, भाजी जाते, सत्संग जातो, मित्राच्या ओट्यावरची संध्याकाळ जाते. महिन्याभरात तो माणूस खिडकीत बसलेला दिसू लागतो. पुण्याहून मुलगा फोनवर विचारतो, "नाना, आता सुरक्षित आहात ना?" हो, बाबा. माठातल्या पाण्यासारखा सुरक्षित आहे.

म्हणून माझा ठराव असा. सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी परीक्षा व्हावी, आणि ती खरी व्हावी. डॉक्टर सरकारी रुग्णालयाने नेमावा, अर्जदाराने निवडू नये. अंधारात आणि झोतात डोळा कसा चालतो हे पाहावे. निरीक्षकाला शेजारी बसवून दहा मिनिटे गाडी चालवून दाखवावी. ज्याला रात्री दिसत नाही त्याला दिवसाचा परवाना द्यावा; सगळेच काढून घेऊ नये. जो परवाना परत करील त्याला घरापर्यंत येणारे वाहन आणि खालच्या पायरीची बस मिळावी. आणि उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा लावायला तरुणांनीही शिकावे.

सरकार हे करील तेव्हा करील. मी वाट पाहिली नाही. गेल्या संक्रांतीनंतर उदगीरला जाऊन दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतले. तपासणाऱ्या डॉक्टरांना मी म्हणालो, "खरं काय ते सांगा, मी मास्तर आहे, नापास करणं मला समजतं." त्यांनी दिवसाला पास केले, रात्रीला नापास केले. तेव्हापासून सूर्य मावळला की मोटारीची किल्ली देवघरातल्या खुंटीवर जाते. महामार्गावर मी जात नाही. लातूरला जायचे असले की लेकीला आठ दिवस आधी कळवतो, ती गाडी पाठवते, आणि मी मुकाट्याने मागच्या आसनावर बसतो. बसताना जीव थोडा खाली-वर होतो, हेही कबूल करतो.

तेव्हा या पाडव्याला, वाचकहो, ठराव तुमच्याही ताटावर आला तर त्याला नुसता फेटाळू नका आणि मुकाट मान्यही करू नका. मुलाला म्हणा, चल, शेजारी बस, मी गाडी चालवतो, तू खरे काय ते सांग. आणि त्याने खरे सांगितले तर रागावू नका. मग त्याला विचारा की आईला दवाखान्यात कोण नेणार आहे, कोणत्या वारी आणि किती वाजता. उत्तर आले तर किल्ली त्याच्या हातात ठेवा. उत्तर येईपर्यंत, दिवसाउजेडी, ती तुमच्याच खिशात असू द्या.